गप्प बसवलेलं जनुक

आमची वहिनी जंत पाळायची. हे मी जिथं जिथं सांगितलं तिथं लोक आधी हसले आणि मग खुर्ची हळूच मागे सरकवून बसले. आई तर लग्न ठरलं तेव्हा म्हणाली होती, "जंत पाडायचं औषध असतं एवढं मला माहीत होतं. जंत वाढवायचा पगार मिळतो हे आजच कळलं."

वहिनी संशोधन संस्थेत होती. तिचे जंत पोटातले नव्हते, मातीतले होते. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे, कुणाला अपाय न करणारे. दादा पोहायला शिकवायचा. वहिनी त्याच्याकडे मोठेपणी पोहायला शिकायला गेली, कारण लहानपणापासून पाण्याला घाबरायची. पोहणं तिला शेवटपर्यंत धड आलं नाही, पण लग्न झालं. ती त्याला जन्मभर "मास्तर"च म्हणत राहिली, आणि बायकोच्या तोंडून ते ऐकताना दादा दरवेळी थोडा फुलायचा.

मी बस डेपोत टाइमकीपर होतो. माझी बायको, माझी मुलगी चिऊ, आई, दादा-वहिनी असे आम्ही सगळे एकाच इमारतीत वरखाली राहायचो. चिऊ काकूच्या मागे मागे असायची. "काकू, तुझ्या जंतांना नावं का नाहीत?" असं तिनं विचारलं, तर वहिनी म्हणाली, "अगं, आठवड्याभरात ते आजी होतात. नाव लक्षात राहीपर्यंत पणजी!"

आता आमच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. चाळिशीच्या आसपास त्यांची चाल बिघडली. रस्त्यानं जाताना झोकांड्या जायच्या, खांदा आपोआप उडायचा, हातातून ब्रश निसटायचा. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण सगळी गल्ली त्यांना दारुडा म्हणायची. मालकानं त्याच कारणावरून कामावरून काढलं. पुढं बोलणं अडखळलं, मग चिडचिड, मग गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, नसांची कमजोरी. आम्ही तेच धरून चाललो. त्यांचे वडील असेच गेले होते म्हणे, पण त्यांनाही दारुडाच समजलं गेलं होतं.

दादाचं सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. चहाचा कप बशीवर खडखडायचा. मग तलावाच्या काठावर उभा असताना त्याचा पाय सरकला आणि तो कपड्यांनिशी पाण्यात पडला. शिकायला आलेली मुलं खो खो हसली. दादाही बाहेर येऊन हसला. पण वहिनी त्या दिवशी त्याला न्यायला आली होती, तिनं ते पाहिलं होतं, आणि ती हसली नाही. पाय सरकण्याआधी उडाला होता, हे तिला दिसलं होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला फक्त एवढंच सांगितलं, "जीभ बाहेर काढा आणि तशीच धरून ठेवा." दादानं जीभ काढली. ती आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा आत. तो शाळकरी पोरासारखा खजील झाला. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. बाईंनी विचारलं, "वडिलांना काय झालं होतं?"

"नसांची कमजोरी," दादा म्हणाला.

रक्ताची तपासणी आली तेव्हा बाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. एक जनुक असतं, त्या म्हणाल्या, त्यातली काही अक्षरं नको तितक्या वेळा लिहिली गेली आहेत, आणि त्यातून जे तयार होतं ते मेंदूला हळूहळू पोखरतं. आईबापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. औषध नाही. नाणं उडवावं तसं, त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून एकदम थांबल्या. मीही त्याच बापाचा मुलगा होतो.

दादा-वहिनींना मूल नव्हतं, पण हवं होतं. इस्पितळातून बाहेर पडल्यावर वहिनी बसथांब्याच्या बाकावर बसली आणि एकामागून एक बस सोडत राहिली. दादा म्हणाला, "चल गं, माझ्या भावाच्या खात्याची बस आहे, तो रागावेल." ती उठली. त्यानंतर मूल हा शब्द तिनं स्वतःसाठी कधी उच्चारला नाही. मी तपासणी करून घेतली नाही. मला चिऊ होती, आणि माझं उत्तर म्हणजे अर्धं चिऊचं उत्तर. नको वाटलं.

वहिनी तोवर संस्थेत दुसऱ्याच कुठल्या जनुकावर काम करत होती. ती तिच्या सरांकडे गेली आणि विषय बदलून मागितला. सर चांगले होते, पण सावध. "घरचं दुखणं प्रयोगशाळेत आणू नये," ते म्हणाले. ती म्हणाली, "सर, आणणार नाही म्हटलं तरी ते माझ्याबरोबरच येतं." त्यांनी परवानगी दिली.

तिची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. मी डेपोतून घरी जाताना कधीकधी तिला न्यायला थांबायचो. खोलीला आंबलेल्या सायीसारखा वास यायचा. गोल झाकणाच्या प्लास्टिकच्या बश्यांचे मनोरे, प्रत्येक बशीत जेलीचा पातळ थर, आणि त्यावर जंतांचं खाणं म्हणून पसरलेले जिवाणू. वहिनी एका बारीक तारेच्या टोकानं एक जंत उचलून दुसऱ्या बशीत ठेवायची. कान कोरल्यासारखं काम, आणि दिवसभर तेच.

तिनं मला समजावलं ते असं. "भाऊजी, जनुक म्हणजे साहेब. तो खोलीतून बाहेर येत नाही, चिठ्ठ्या पाठवतो. चिठ्ठी पोचली की खाली काम सुरू. साहेबाला बदलणं फार अवघड. पण चिठ्ठी वाटेत फाडली तर? साहेब ओरडू देत, खाली कुणाला ऐकूच जाणार नाही. याला आम्ही जनुक गप्प बसवणं म्हणतो."

"आणि चिठ्ठी फाडणार कोण?"

"ती सोय पेशीत आधीपासून असते. कुठली चिठ्ठी फाडायची याचा नमुना तेवढा द्यायचा. जंतांना तो नमुना जिवाणूंमधून खाऊ घालता येतो."

खरी गंमत पुढं होती. जंताला एकदा नमुना खाऊ घातला, तर त्याच्या पिलांना न खाऊ घालताही त्यांच्यात ते जनुक गप्पच राहायचं. त्यांच्या पिलांतही. जनुक तसंच, अक्षर न बदललेलं, पण गप्प बसायची आज्ञा अंड्यातून पुढं गेलेली. काही पिढ्यांनी ती विरायची आणि जनुक पुन्हा बोलायला लागायचं. वहिनीनं आमच्या घरातलं ते बिघडलेलं जनुक जंतांमध्ये घातलं आणि त्याला हिरवा उजेड जोडून दिला. जनुक बोलत असलं की जंत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा दिसायचा, आणि थोडा मोठा झाला की आखडायचा, लुळा पडायचा. नमुना खाऊ घातला की उजेड मावळायचा आणि जंत छान वळवळत फिरायचा.

तिनं मला दोन्ही दाखवले. हिरव्याकडे मला फार वेळ बघवलं नाही. तो अगदी दादासारखा, मध्येच उडत होता.

"माणसात होईल असं?" मी विचारलं.

"पुढच्या पिढीत जाणं माणसात होणार नाही बहुतेक," ती लगेच म्हणाली. "आपल्यात गर्भ धरताना असल्या बहुतेक आज्ञा पुसून टाकल्या जातात. मला एवढंच शोधायचंय, की गप्प बसवलेलं जनुक कशामुळं गप्प राहतं आणि कशामुळं पुन्हा तोंड उघडतं. ते कळलं तर एकाच माणसात, एका औषधानं, बराच काळ..." एक माणूस म्हणजे कोण, हे मला कळत होतं.

दादाची नोकरी गेली. नंतर तो घरातल्या घरात भिंतीला धरून चालायचा. त्याच्या उशीजवळच्या भिंतीचा रंग त्याच्या हातापायांनी खरवडून निघाला, तेव्हा वहिनीनं तिथं जुनी गादी उभी करून बांधली. त्याचा विनोद मात्र बरेच दिवस टिकला. "माझी बायको जंतांना बरं करते," तो येईल त्याला सांगायचा, "मी रांगेत आहे."

आणि एके दिवशी वहिनी भर दुपारी घरी आली. ती दुपारी कधी येत नसे. चपला न काढता आत आली आणि दादाच्या पलंगाशी खाली बसली. "मास्तर, एक कुळी विसरत नाहीये."

एका जंताची प्रजा, पिढ्यांमागून पिढ्या, नमुना न खाता गप्प राहिली होती. इतर कुळ्या पाच-सात पिढ्यांत पुन्हा हिरव्या व्हायच्या. ही होईना. वहिनी महिनोन् महिने बघत होती आणि खात्री होईपर्यंत बोलली नव्हती. सगळे जंत काळोखे, सगळे धडधाकट. दादा हसला. त्याचं हसणं तेव्हा वेडंवाकडं व्हायला लागलं होतं. "अगं," तो कसाबसा म्हणाला, "मग आता माझा नंबर लाव." आईनं त्या दिवशी वहिनीची दृष्ट काढावी तशी तिच्या तोंडावरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा.

वहिनीचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, छापून आला. एका वर्तमानपत्रानं त्यावर बातमी दिली. वहिनीनं बातमीदाराला चारचारदा सांगितलं होतं की हे जंतांपुरतं आहे, पण मथळ्यात जंत नव्हतेच. मथळ्यात "पिढीजात आजार" आणि "कायमचा गप्प" हे शब्द होते.

मग फोन सुरू झाले. अशी इतकी घरं असतील असं आम्हाला वाटलंच नव्हतं. सगळ्यांकडं तीच गोष्ट, दारुडा समजलेला बाप, लपवलेली आत्या, मोडलेलं लग्न. वहिनी प्रत्येकाशी नीट बोलायची, प्रत्येकाला सांगायची की औषध नाही, हे जंतांमधलं आहे. पलीकडचा माणूस म्हणायचा, "हो हो, कळलं. पण कधीपर्यंत येईल?"

एक बाई फार लांबून आल्या. नवरा याच आजारानं गेलेला, दोन मुलगे विशीतले. शिवणकाम करणारी बाई, बोटं सुईनं खरखरीत झालेली. वहिनीनं त्यांना प्रयोगशाळेत नेऊन काळोखे जंत दाखवले. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता. "कसे छान चालतात हो," त्या म्हणाल्या. बस.

मला तेव्हा वहिनीचा हेवा वाटला हे कबूल करायला हवं. मी नुसता वाट बघणारा, आणि ती काहीतरी करणारी.

ती कुळी का विसरत नाही, हे शोधायला वहिनीनं पुढचा प्रयोग केला. चिठ्ठ्या फाडायची जी यंत्रणा पेशीत असते, तीच तिनं त्या जंतांमध्ये मोडून टाकली. आता कुणी फाडणारंच उरलं नाही, तेव्हा जनुकानं बोलायला हवं, जंत हिरवे व्हायला हवेत. ते झाले नाहीत. तिनं पुन्हा केलं. तसंच. मग तिनं ते केलं जे कुळीच्या सुरुवातीला केलं होतं पण मधल्या पिढ्यांत केलं नव्हतं. त्या जंतांमध्ये ते जनुक आहे का, हेच तपासलं.

नव्हतं.

कधीतरी मध्ये, अंडी तयार होताना, एका जंतातून ते बाहेरून घातलेलं जनुक गळून गेलं होतं. असं होतं म्हणे. तो जंत निरोगी, म्हणून त्याची पिलं जास्त, म्हणून थोड्याच पिढ्यांत सगळी बशी त्याच्याच प्रजेची. काळोख तोच दिसतो, दिवा मालवला काय आणि दिवा नसला काय. ती इतके दिवस रिकाम्या घराबाहेर उभी राहून आतली शांतता मोजत होती.

सरांनी दार लावून घेतलं आणि तिला समजावलं. तिनं ते मला नंतर सांगितलं, जसंच्या तसं.

"पेपर छापून झालाय," सर म्हणाले. "बाकीच्या कुळ्यांचं काम खरंच आहे. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईल तेव्हा बघू."

"तोवर लोक फोन करत राहतील, सर."

"आणि मागे घेतलास तर तुझी जागा राहणार नाही. मी काही करू शकणार नाही."

"कळतंय."

तिनं चूक जाहीर केली आणि पेपर मागे घेतला. पुढच्या वर्षी तिच्या कामाला पैसे मंजूर झाले नाहीत. बश्या निर्जंतुक करायच्या यंत्रात घालून तिनं स्वतः जंत मारले. चिऊ तिच्याबरोबर गेली होती, तोवर ती कॉलेजात जायला लागली होती. ती म्हणाली की काकूनं प्रत्येक मनोरा नीट सरळ करून आत ठेवला, जणू परत काढायचाय.

दादाला सांगणं बाकी होतं. त्याला तेव्हा निम्मं कळायचं, निम्मं नाही. वहिनी त्याला पातळ सूप भरवत होती. ती म्हणाली, "मास्तर, ते जंत बरे झालेच नव्हते. त्यांना आजारच नव्हता." दादानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरंय की त्यांचं." त्याचं कळेल असं एवढं मोठं वाक्य मी नंतर ऐकलं नाही.

मग वहिनीनं फोन करायला घेतले. ज्यांनी ज्यांनी फोन केला होता त्या सगळ्यांना, एकेकाला. मी म्हटलं, "वहिनी, नको करूस. त्यांना कुठूनतरी कळेलच." ती म्हणाली, "कुठून कळणार? मागे घेतलेल्या पेपरची बातमी कोण छापतं?" काही जणांनी आभार मानले. एकानं शिव्या घातल्या. शिवणकामवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडं मशीन थांबल्याचं आम्हाला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही खऱ्या आहात ते मला पटतंय. पण हे सांगायला फोन कशाला केलात? आमच्याकडं तेवढंच होतं." वहिनीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडून ठेवला गेला तरी.

दादा हिवाळ्यात गेला. अन्न श्वासनलिकेत गेलं, छाती भरली. झोपेत तो हलत नसे, जागेपणी सतत हलायचा. त्यामुळं शेवटी तो इतका स्थिर पडलेला पाहून आई म्हणाली, "झोपलाय, उठवू नका." आई स्वतः पुढच्या वर्षी गेली. तिनं आजाराचं नाव एकदाही उच्चारलं नाही.

वहिनीला शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. नळाच्या पाण्याचे नमुने येतात, त्यात जिवाणू आहेत का ते बघायचं. ती म्हणते की बरं काम आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं, आणि बहुतेक वेळा ते "काही नाही" असतं.

मधल्या काळात एका मोठ्या कंपनीनं हेच गप्प बसवायचं औषध माणसांवर करून पाहिलं, पाठीच्या कण्यात सुई देऊन. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. ते मध्येच थांबवलं. औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही, उलट काहींची जास्त ढासळली. वहिनीनं ती बातमी माझ्या टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

मला गेल्या उन्हाळ्यात डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिताना अक्षर ओळीबाहेर जायला लागलं. बायको म्हणाली, चष्मा बदला. मी वहिनीला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिनं न सांगताच मी जीभ बाहेर काढली. तिनं तोंड फिरवलं.

तपासणीला तीच बरोबर आली. निकाल सांगणारा तरुण डॉक्टर फार हळुवार बोलला. वहिनीला सगळं आधीच माहीत होतं. तिनं फक्त त्याला विचारलं की अक्षरं किती वेळा लिहिलेली आहेत, आणि आकडा ऐकून मान हलवली. दादापेक्षा थोडा कमी, तिनं मला जिन्यात सांगितलं, म्हणजे कदाचित थोडं सावकाश. तिच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते तिनं दिलं.

चिऊचं लग्न ठरत होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, सरळ खाली काकूकडं गेली. तिथं काय झालं ते मला वहिनीकडून कळलं, कारण चिऊ त्याबद्दल बोलत नाही.

चिऊनं विचारलं, "काकू, मला असलं, तर माझ्या वेळेपर्यंत काहीतरी निघेल ना?"

"माहीत नाही गं."

"अंदाज सांग."

"अंदाज नाही करता येत. लोक काम करतायत."

"मला लोकांचं नको सांगूस. तू हो म्हण. नुसतं हो म्हण ना, काकू. मी तुला नंतर जाब विचारायला येणार नाही."

वहिनीनं हो म्हटलं नाही. ती मला नंतर म्हणाली, तोंड उघडलं होतं, शब्द आलाच नाही. चिऊ उठून गेली. तपासणी तिनं अजून केली नाही. ज्याच्याशी लग्न ठरत होतं त्याला तिनं स्वतःच सांगितलं. तो वाईट माणूस नाही. विचार करतो म्हणाला, आणि अजून करतोय. चिऊ घरी येते, जेवते, माझी बटणं लावून देते. खालच्या मजल्यावर मात्र थांबत नाही.

परवा मी खाली वहिनीकडं बसलो होतो. ती म्हणाली, "भाऊजी, म्हणून टाकायला हवं होतं का मी? एक शब्द तर होता."

मी म्हटलं, "नाही वहिनी, तू बरोबर केलंस."

पण ती विचारत होती तेव्हा वर चिऊची पावलं वाजत होती, आणि माझ्या मनात आलं, तिच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो. लाजलो नसतो. वहिनीनंही ती पावलं ऐकली. ती जिन्याकडं बघत राहिली. पावलं खाली आली, वहिनीच्या दारावरून गेली, आणि बाहेरचं फाटक लागल्याचा आवाज आला.